नमुन्याचा पासपोर्ट

पत्त्यांची जागतिक स्पर्धा बघायला परदेशी निघालेल्या एका गृहस्थांना विमानतळावरच्या साहेबाने विचारलं, "कशासाठी चाललात?" गृहस्थ सरळमार्गी. म्हणाले, "पत्ते कुटायला." साहेबाला ही थट्टा वाटली आणि त्याने त्यांना दोन तास बाकावर बसवून ठेवलं. तेव्हापासून चौकशीबाईंच्या पत्रकात पहिली सूचना तीच असते: 'कशासाठी चाललात असं विचारल्यास क्रीडा स्पर्धेसाठी, असं सांगावं. हे खोटं नाही. एवढंच सांगावं आणि पुढे गप्प बसावं.'

चौकशीबाई हे काही बाईंचं खरं नाव नव्हे. सहलींच्या कचेरीत शिरलं की समोरच एक वर काच घातलेलं टेबल, टेबलावर 'चौकशी' अशी पितळी पाटी आणि पाटीमागे बाई. सतरा वर्षं झाली. लोक आधी पाटी वाचतात, मग बाईंकडे बघतात, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. मालकसुद्धा फोनवर सांगतात, "थांबा हं, चौकशीबाईंना देतो."

ही कचेरी दरवर्षी ब्रिज खेळणाऱ्यांची एक सहल काढते, परदेशी एकाच ठरलेल्या हॉलमध्ये भरणाऱ्या त्या जागतिक स्पर्धेला. तीसेक माणसं. त्यातली चारपाच खरोखर स्पर्धेत उतरतात, पहिल्या दोन दिवसांत हरतात आणि उरलेले दिवस बाकीच्यांसारखी प्रेक्षक होऊन मोठ्या खेळाडूंच्या मागे खुर्ची टाकून बसतात. या लोकांसाठी बाईंनी पहिल्या वर्षी अर्धं पान सूचना टाईप केल्या होत्या. आता ते पत्रक सोळा पानांचं झालंय, आणि सहलीला न जाणारे लोकही ते मागून नेतात.

मागून न्यावं असंच ते आहे. बाहेर कितीही उकडत असलं तरी अंगात स्वेटर हवा, कारण खेळाडूंना डुलकी लागू नये म्हणून तो हॉल थंडगार ठेवतात. चपलांचा तळ मऊ हवा. फोन दारातल्या खिडकीवर जमा करावा लागतो आणि त्याचा बिल्ला मिळतो, तो खोलीच्या किल्लीबरोबर एकाच खिशात ठेवू नये, दोन्ही हरवतात. बिल्ल्याचा आकडा तळहातावर लिहून ठेवावा. गोळ्या-चॉकलेटं बाहेरच सोलून रुमालात बांधून न्यावीत, कागदाच्या चुरचुरीवरून एका बाईंना बाहेर काढलं होतं. हॉटेलवरून हॉलकडे जाणारी साडेआठची बस फक्त वेळापत्रकात असते, आठ दहाची पकडावी. निकालाचे कागद जेवणाच्या सुट्टीत भिंतीवर लागतात आणि सगळं जग तिकडे धावतं. तेव्हा आपण जेवून घ्यावं, रांग नसते.

आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना पान अकरावर: 'प्रेक्षकाने पानं वाटण्याआधीच कोणत्या खेळाडूमागे बसायचं ते ठरवावं. एकाचाच हात बघता येतो. डाव संपेपर्यंत खुर्ची बदलता येत नाही. बोलू नये, सुस्कारा टाकू नये, भुवया उचलू नयेत. चेहऱ्यावर काहीही दिसता कामा नये.'

हे सगळं वाचून कोणालाही वाटेल की बाई त्या हॉलमध्ये निदान दहा वेळा तरी जाऊन आल्या असणार. लोकांना तसंच वाटायचं. बाईंनी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही, आणि कोणी सरळ विचारलंही नाही. खरी गोष्ट अशी होती की बाईंनी विमान आतून पाहिलेलं नव्हतं. सहल परत आली की त्या एकेकाला चहाला थांबवायच्या, पुढ्यात वही घ्यायच्या आणि माणसाचा पिच्छा पुरवायच्या. दरवाजा कुठल्या हाताला? ढकलायचा की ओढायचा? मुतारी किती लांब? आलेला माणूस कुठल्या खेळाडूने काय कमाल केली ते सांगायला आसुसलेला असायचा आणि बाई विचारायच्या, खुर्चीला हात होते का? अशा सतरा वर्षांच्या चहांतून तो हॉल त्यांच्या डोक्यात इतका पक्का उभा राहिला होता की त्या त्यात डोळे मिटून फिरू शकल्या असत्या. डोळे मिटूनच फिरायच्या म्हणा.

पासपोर्ट मात्र त्यांच्याजवळ होता. नऊ वर्षांपूर्वी मालकांनीच काढायला लावला होता, कारण अर्ज कसा भरायचा ते ग्राहकांना दाखवायला नमुना लागतो. झेरॉक्स दाखवली की लोकांचा विश्वास बसत नाही. म्हणून बाईंचा पासपोर्ट टेबलाच्या काचेखाली, फोटोचं पान उघडून ठेवलेला. नऊ वर्षं लोक त्यावर बोट ठेवून विचारत आले, "इथे वडिलांचं नाव लिहायचं की नवऱ्याचं?" पुढच्या वर्षी त्याची मुदत संपणार होती.

आता तुम्ही म्हणाल, इतकं होतं तर बाई एकदा गेल्या का नाहीत? सांगतो. बाई पाच वाजता कचेरीतून सुटायच्या आणि सहा वाजता त्यांची दुसरी हजेरी सुरू व्हायची.

घरात नवरा आणि सासरे. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. नाना एके काळचे पट्टीचे ब्रिज खेळणारे. दृष्टी गेली त्याला चौदा वर्षं झाली. डोळे गेले, पत्ते गेले नाहीत. रोज सहाला तिघे यायचे: नानांचे भिडू असलेले शाळामास्तर, आणि समोरच्या जोडीतले कंपाउंडर आणि वखारवाले. तिघेही निवृत्त, तिघेही भांडकुदळ. आणि नानांच्या डाव्या हाताला स्टूल टाकून बाई.

पानं वाटून झाली की बाई नानांची तेरा पानं लावायच्या आणि त्यांच्या डाव्या कानात, उजव्याने कमी ऐकू येई म्हणून, कुजबुजून सांगायच्या. आधी इस्पिक, मग बदाम, मग चौकट, शेवटी किलवर. प्रत्येकात वरून खाली. एकदाच. नानांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. बाकीचे आपण टाकलेलं पान तोंडाने बोलत, आणि नाना आपल्या हातातलं पान बोटांनी मोजून बरोबर ओढून काढत. यात बाईंची करामत एकच, पण ती भल्याभल्यांना जमणारी नव्हती: एक्का असो की दुर्री, आवाजात तसूभर फरक पडत नसे. टेबल लहान, समोरच्यांचे कान टवकारलेले. शब्द कळला नाही तरी सूर कळतो. कचेरीत विमान वेळेवर आहे हे आणि विमान रद्द झालं हे त्या एकाच आवाजात सांगायच्या, तोच आवाज इथे कामाला येई. कंपाउंडर म्हणायचे, "या बाईंच्या तोंडून माझ्या मरणाची बातमी आली तरी मला ती चौकटची सत्ती वाटेल."

चौदा वर्षं त्यांनी रोज एकच हात पाहिला आणि एकही पान स्वतः खेळलं नाही. रजा घेतली तरी सहाला घरी. माहेरी गेल्या तरी सहाच्या आत परत. बहिणीच्या लग्नात पंगत बसायच्या आत निघाल्या, ते बहीण अजून ऐकवते. नाना कधी 'थांब' म्हणाले नाहीत, नवरा कधी 'जाऊ नकोस' म्हणाला नाही. कोणीच काही म्हणत नाही अशा घरातून बाहेर पडणं फार कठीण असतं. भांडायचं तरी कोणाशी?

तर त्या वर्षी सहलीचे नेहमीचे प्रमुख जिन्यावरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. मालक बाईंच्या टेबलाशी आले आणि चष्मा पुसत म्हणाले, "यंदा तुम्हीच जा. तुमच्याएवढं कोणाला माहीत आहे? व्हिसाचे अर्ज पुढच्या सोमवारी जातील, त्यात तुमचाही घाला."

बाईंनी दुपारी कचेरी रिकामी झाल्यावर काच उचलली आणि पासपोर्ट बाहेर काढला. खाली टेबलाच्या कापडावर हिरवा चौकोन राहिला होता. बाकीचं कापड उन्हाने कधीच पिवळं पडलं होतं.

रात्री जेवणं वाढताना त्यांनी घरी सांगितलं. "आठ दिवस जायचं आहे," त्या म्हणाल्या. नवरा जेवता जेवता म्हणाला, "मग जा की. एवढं काय त्यात?" नाना थोडा वेळ भाताशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "जा हो सूनबाई. तो सांगेल मला पानं."

तो म्हणजे नवरा. नवरा बस डेपोत माईकवर असतो. सव्वीस वर्षं त्याने फलाट क्रमांक आणि गाड्यांच्या वेळा पुकारण्यात घालवली. माणूस सोन्यासारखा, पण त्याची कुजबुज रस्त्यापलीकडे ऐकू जाते. दुसऱ्याच संध्याकाळपासून तालीम सुरू झाली. त्याने पानं लावली, घसा साफ केला, वडिलांच्या कानाशी वाकला आणि पुकारलं, "इस्पिक, एक्का!" वेळेवर लागलेल्या गाडीचा आनंद त्यात होता.

"समजलं," कंपाउंडर पलीकडून म्हणाले. "पुढचं सांगा."

मास्तरांनी पानं टेबलावर आपटली. "अहो, हे काय लिलाव आहे का? भिडू माझा, आणि त्याची पानं मला सोडून दोघांनाही कळतात!"

"तुम्हाला पण कळलीच की," वखारवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याने आवाज इतका खाली आणला की नानांनाही ऐकू येईना. तिसऱ्या दिवशी शब्द बेताचे आले पण राजा आला की मान डोलायची. बाई दारात उभ्या राहून हातातला टॉवेल पिळत होत्या. त्या रात्री झोपण्याआधी त्यांनी नवऱ्यासाठीही पत्रक लिहिलं, नऊ पानांचं. डावीकडेच बसावं. श्वास घेऊन मग सुरू करावं, मध्ये घेऊ नये. चित्र आलं की पायाचा अंगठा जमिनीला दाबून धरावा, म्हणजे मान हलत नाही. ही शेवटची युक्ती त्यांची स्वतःची होती आणि चौदा वर्षांत त्यांनी ती कोणाला सांगितली नव्हती.

नवऱ्याने ते पत्रक डेपोत नेऊन पाठ केलं. आणि काय सांगावं, सहाव्या दिवशी त्याला जमलं! अगदी बाईंसारखं नाही, पण जमलं. मास्तरांनी फक्त दोनदा शिव्या दिल्या. नाना म्हणाले, "चालेल रे. आठ दिवस निभेल." बाई स्वयंपाकघरात जाऊन कुकर उगाच उघडून पुन्हा बंद करून आल्या. इतका आनंद त्यांना झाला होता की तो ठेवायचा कुठे ते कळेना.

घरचं अडकलेलं दार असं उघडलं, आणि त्याच आठवड्यात त्यांनी कचेरीचं दार आपल्याच हाताने लावून घेतलं.

झालं असं की बाईंना प्रमुख म्हणून जायची धास्ती वाटत होती. पुस्तकी ज्ञान वेगळं, तीस माणसं हाकणं वेगळं. तेव्हा सवयीप्रमाणे त्यांनी स्वतःसाठीच एक पुरवणी लिहिली: 'सहलप्रमुखासाठी'. विमानतळावर कोणाला कुठे उभं करायचं. हरलेल्या जोडीला बसमध्ये शेजारी बसवू नये, भांडतात. सकाळी साडेसातला कोणाची दारं वाजवायची. तासातासाचं सगळं, सात पानं. टाईप करून त्यांनी ती अभिमानाने मालकांच्या टेबलावर ठेवली. कसं झालंय ते सांगा म्हणाल्या. ठेवली नसती तर? पण ज्याने जन्मभर कागद नीट लावून वरच्याला दाखवला, त्याला न दाखवणं सुचत नाही.

शनिवारी मालकांनी त्यांना आत बोलावलं. पुरवणी त्यांच्या हातात होती.

"चौकशीबाई, कमाल केलीत! हे वाचून माझा मेव्हणासुद्धा सहल नेईल."

बाई हसल्या.

"थट्टा नाही करत. त्यालाच पाठवतो. त्याची फार दिवसांची इच्छा आहे. हे हातात असलं की त्याला डोकं चालवायचंच काम नाही. आणि तुम्ही इथे फोनवर असलात म्हणजे मला घोर नाही. तिकडे काही अडलं तर विचारायचं कोणाला? तुम्हीच तिकडे गेलात तर इथे चौकशी कोण बघणार?"

बाईंनी उत्तर दिलं नाही असं नाही. त्या म्हणाल्या, "घरी सांगून झालंय हो माझं." त्यांच्या मते ही फार मोठी तक्रार होती. मालकांना ती ऐकूच गेली नाही. त्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या होत्या ना. एक्का आणि दुर्री सारखीच.

"छान, छान," मालक म्हणाले. "पुरवणीच्या पाच प्रती काढा."

पाच प्रती निघाल्या. बाईंनीच काढल्या. यंत्रापाशी उभं असताना त्यांच्या मनात आलं, एक पान खाली टाकावं, आठ दहाच्या बसचं. मेव्हणा साडेआठपर्यंत उभा राहू दे रस्त्यावर. त्यांनी ते पान हातात धरलंही. मग तीस म्हातारी माणसं रस्त्यावर उभी दिसली, आणि त्यांनी ते मुकाट्याने टाचून टाकलं.

घरी आल्या तेव्हा सहा वाजून गेले होते. डाव मांडला होता, नवरा स्टुलावर बसून अंगठा दाबायचा सराव करत होता. बाई पर्स न ठेवताच म्हणाल्या, "माझं जाणं होत नाहीये. मालकांनी..."

वाक्य पुरं व्हायच्या आत नवरा स्टुलावरून उठला. "अरेरे," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. पण उठला मात्र असा, जशी शाळा सुटली. "मग बस तूच. आजपासून कशाला मी?"

मास्तर म्हणाले, "देव पावला."

बाई बसल्या. पर्स पायाशी ठेवली, पानं लावली. नानांच्या कानाशी वाकून सांगायला लागल्या. इस्पिक झालं. बदाम झालं. चौकट झालं. शेवटी किलवर, एकच पान होतं, दुर्री. "किलवर," त्या म्हणाल्या, आणि आवाज फाटला. अंगठा जमिनीला गच्च दाबला होता तरी फाटला. "दुर्री" हा शब्द कसाबसा आत गिळल्यासारखा बाहेर आला.

कंपाउंडरांनी वखारवाल्यांकडे बघितलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा बाईंचा सूर हलला होता, आणि तोही शेवटी, म्हणजे किलवरात. क्रम सगळ्यांना ठाऊक होता. नानांकडे किलवरचं घबाड आहे असं दोघांनी धरलं. नानांनी बिनहुकमी डाव घेतला आणि त्या दोघांनी मरेपर्यंत किलवरची उतारी केली नाही. खरं तर किलवरची थोर थोर पानं सगळी त्या दोघांतच वाटली गेली होती. एकदा उतरले असते तर नाना बुडाले असते. डाव संपता संपता नानांनी ती एकटी दुर्री टेबलावर ठेवली आणि वखारवाल्यांनी कपाळाला हात लावला.

"काय चकवलंत हो सूनबाई!" कंपाउंडर ओरडले. "इतकी वर्षं दाबून ठेवलीत ही विद्या?" मास्तरांनी तर टाळ्या वाजवल्या. नवरा आतून चहा घेऊन आला, त्यालाही सांगून झालं. सगळे बाईंकडे कौतुकाने बघत होते आणि बाई पत्ते गोळा करत होत्या.

तिघे गेल्यावर नाना तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "दुर्रीसाठी कोणी रडत नाही, सूनबाई. काय म्हणाले मालक?"

बाईंनी सांगितलं. सगळं, पुरवणीसकट. नाना ऐकत होते. मग ते म्हणाले, "मला वाटलं होतं, तुझं अडलं तर माझ्यामुळे अडेल. तसं झालं असतं तर बरं होतं. शिव्या घालायला घरचं माणूस तरी मिळालं असतं तुला."

"शिव्या घालता आल्या असत्या का मला, नाना?"

"नाही," नाना म्हणाले. "तेही खरंच."

सोमवारी बाई वेळेवर कचेरीत होत्या. अर्जांची शेवटची तारीख, त्यामुळे सहलीची माणसं रांगेने टेबलासमोर उभी. पहिलेच एक जाडजूड काका होते, पहिल्यांदाच परदेशी निघालेले. त्यांनी काचेकडे पाहिलं, हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे नमुना असतो म्हणाले होते?"

बाईंनी पर्समधून पासपोर्ट काढला. आठवडाभर तो त्यांच्याबरोबर घरी जात-येत होता. काच उचलायच्या आधी काकांनी तो सहज हातात घेतला, व्हिसाचा शिक्का कुठे बसतो ते बघायला पानं उलटली. एक, दोन, पाच, शेवटपर्यंत उलटली.

"बाई, हा तर कोरा आहे!" ते म्हणाले. "तुम्ही तर दरवर्षी जाता ना?"

रांगेतली माणसं बघायला लागली. बाईंनी त्यांच्या हातातून पासपोर्ट घेतला, फोटोचं पान उघडलं, काचेखाली हिरव्या चौकोनावर बरोबर बसवला आणि काच खाली सोडली.

"नमुना कोराच असतो," त्या म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात. "वडिलांचं नाव इथे लिहा."